पान खोटं बोलत नाही

वर्षाराणीबाईंनी चिमट्यानं जास्वंदीचं पान स्पिरिटमधून बाहेर काढलं, गरम पाण्यात बुचकळलं आणि पांढऱ्या बशीत पसरून त्यावर आयोडीनचे थेंब सोडले. आठवीचा वर्ग माना लांब करून बघत होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापक गणपतराव बसले होते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला कोण जाणार हे आज ठरायचं होतं, आणि बाईंच्या मनात एकच नाव होतं, मेहक.

पानाच्या मधोमध सकाळी काळ्या कागदाची पट्टी लावली होती. तेवढ्या भागाला ऊन मिळालं नाही, म्हणजे तिथं पिष्ट तयार होणार नाही आणि आयोडीन टाकलं तरी निळा रंग येणार नाही. मात्र त्यासाठी झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवावं लागतं. पानात साठलेलं जुनं पिष्ट संपावं लागतं. शाळेत कपाट होतं, पण बाईंची रीत वेगळी. दर वर्षी त्या कुंडी एका विद्यार्थ्याच्या हवाली करून घरी पाठवायच्या. कबनूरच्या त्या शाळेत हा मोठा मान होता. यंदा मेहक कुंडी छातीशी धरून यंत्रमागांच्या गल्लीतून निघाली, तेव्हा निम्मा वर्ग तिच्या मागून गेला होता.

पान निळं-काळं होत गेलं. सगळंच झालं. पट्टीची जागा शोधूनही सापडेना.

गणपतराव बाकावर अवघडून इकडंतिकडं बघू लागले. बाईंचे कान तापले. इतक्या वर्षांत हा प्रयोग कधी फसला नव्हता, आणि फसायला नेमका आजचा दिवस सापडला होता.

"झाड अंधारात ठेवलं नाहीस तू."

"ठेवलंतं की, बाई. मागच्या खोलीत. दार लावून."

"पान खोटं बोलत नाही, मेहक."

वर्ग हसला. बाईंनी त्याला गप्प केलं नाही. मेहक बशीकडे बघत राहिली. तिथं पिष्ट आहे हे तिला दिसत होतं, आणि आपण दार लावलं होतं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकदम खरं कसं, हे विचारायची सोय त्या वर्गात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाई ऋतुराजकडून प्रदर्शनाचा तक्ता रंगवून घेत होत्या. झालं गेलं, आता तो विषय नको, असं त्यांनी तिला तिथूनच सांगितलं. आणि आपण मोठ्या मनानं पोरीला माफ केलं, असंही त्यांना वाटलं. ऋतुराज प्रदर्शनाला जाऊन आला. मेहकचा हात मात्र विज्ञानाच्या तासाला पुन्हा वर झाला नाही. रुसली असेल, येईल ठिकाणावर, असं बाई स्वतःला सांगत राहिल्या.

पुढे घरोघर माहिती गोळा करायचं सरकारी काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं, तेव्हा बाई मेहकच्या दारात पोचल्या. शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता. मेहकची आजी नजीरा हिनं त्यांना आग्रहानं बसवून घेतलं. मेहक आत चहा ठेवत होती. माणसं किती, शिकलेली किती, हे सगळं सांगून झाल्यावर म्हातारीनं मोठ्या आवाजात उलट प्रश्न केला.

"बाई, ते जास्वंदीचं झाड बरं हाय न्हवं?"

"आहे. का हो?"

"पोरीनं अंधारात कोंडलंतं. मला काय बघवंना. ती शाळंला गेली की मी उनात ठेवायची, यायच्या वक्ताला परत आत. जितं झाड, असं कोंडत्यात व्हय?"

मेहक चहा घेऊन आली. बाईंनी कप घेतला, पण तो ओठापर्यंत काही गेला नाही. पान खरंच खोटं बोललं नव्हतं. पोरगीही नव्हती. लाजेनं बाईंना मान वर करवेना.

"तुला कधी कळलं?"

"त्याच सांजेला."

"मग मला सांगायचं नाही का, बाळ?"

"आलते की सांगायला," मेहक म्हणाली, आणि चहाचा रिकामा ट्रे उचलून आत गेली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं. मेहक खरं बोलत होती, चुकले ते मी, हे त्यांनी सगळ्या वर्गापुढं सांगितलं. मग जास्वंदीची कुंडी उचलून त्या मेहकच्या बाकाशी गेल्या. दोन दिवस घरी ने, या वेळी आजीलाही समजावून सांग, असं म्हणाल्या.

मेहक उभी राहिली. तिनं हात पुढं केले नाहीत.

"घरी नको, बाई. कपाटात ठेवा. किल्ली तुमच्याजवळच असू द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्यांनी कपाटातले तक्ते काढून जागा केली, कुंडी आत ठेवली आणि कुलूप लावलं. मेहक तोवर शेजारी उभी होती. तिनं कुलूप एकदा ओढून बघितलं आणि जाग्यावर जाऊन बसली.