धनसिंगभाऊंचा आदाम

आमच्या दोंडाईच्याच्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्याचा हौद भरायचा म्हणजे टँकर बोलवावा लागतो. नळाच्या भरवशावर राहिलं तर त्याआधी प्रभूच परत येईल. टँकर मी बोलवला, हौद मी घासला, आणि ऐन आदल्या दिवशी, शनिवारी, देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींतले धनसिंगभाऊ म्हणतात, दिपमाला पाण्यात उतरणार नाही! माझं डोकंच फिरलं.

दिपमाला माझी भाची. आई लवकर गेली, म्हणून वाढवली मीच. धुळ्याला हायस्कुलात विज्ञान शिकवते. गुणी आहे, पण हट्टी किती! मनापासून वाटेल तेव्हाच बाप्तिस्मा घेईन म्हणाली आणि तिशीला टेकली. आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही. भाकरीची ताटली ओळीतून हातोहात फिरते. दिपमाला ती माझ्याकडून घ्यायची आणि काही न उचलता पुढे द्यायची. आता कुठे स्वतःहून म्हणाली होती, "आत्या, मला घ्यायचाय."

आणि कुणीतरी भाऊंच्या कानावर घातलं, की ही वर्गात माणूस माकडापासून झाला असं शिकवते.

देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, सतरंजीवर बैठक बसली. पाळकसाहेबांनी विचारलं तर आमच्या बाईसाहेब सरळ म्हणाल्या, "दहावीला उत्क्रांतीचा धडा आहे, तो शिकवते. देवाने मला घडवलं हेही मानते. त्याने किती काळ घेतला, ते त्याचं त्याला ठाऊक."

"ते राहू दे," भाऊ म्हणाले. "आदाम मातीचा की माकडाचा, तेवढं सांग."

मला राहवलं नाही. "अहो भाऊ, तिच्या शिकवण्याने तुम्हाला काय शेपूट फुटलं का?"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला, की माझंही हसू आटलं.

"शाळेत मास्तरने चित्र लावलं होतं," ते हळू म्हणाले. "माकडापासून माणसापर्यंत रांग. वर्गात भिल्लाचा मी एकटा. मास्तर माझ्याकडे बोट करून म्हणाला, 'हाऊ धनसिंग आजून वाटमाच शे.' अजून वाटेतच आहे म्हणे! बठ्ठा पोरं हासनात, सगळा वर्ग. मग इथे देवळात ऐकलं, सगळ्यांचा बाप एकच, आदाम. म्हणजे मास्तरचाही तोच. त्या दिवशी मी मान वर करून घरी गेलो. तो आदाम ही पोरगी काढून घेणार?"

आमच्या मंडळीत बहुतेक सगळे भिल्लच, असलं हसणं सगळ्यांनीच सोसलेलं, कुणी कुणाला सांगायचं?

दिपमाला उठून भाऊंच्या शेजारी जाऊन बसली. "भाऊ, मास्तर चुकीचं शिकवत होता. रांग नाहीच मुळी. झाड आहे. माकडं वेगळ्या फांदीवर, लांबचे भाऊबंद. माणसं सगळी एकाच डहाळीवर. कुणी पुढे नाही, कुणी वाटेत नाही. धडा सुरू करताना मी हेच आधी सांगते. मी शाळेत शिकत होते तेव्हाही पोरं माझ्याकडे बघूनच हसली होती."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

भाऊंनी मान वर केली. "मास्तरही त्याच डहाळीवर?"

"त्याच."

"आणि माझा आदाम?"

"तो तुमचाच, भाऊ. मी कोण काढून घेणारी?"

"माकडाचं मला पटलेलं नाही हां," भाऊ म्हणाले.

"नसू द्या."

भाऊंनी डोळे पुसले आणि पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, उतरवा हिला."

रविवारी दिपमाला हौदात उतरली. कोरडी साडी नेसून, ओल्या केसांनी माझ्या शेजारी येऊन बसली. प्रभुभोजनाची ताटली त्या दिवशी भाऊंकडे होती. ती ओळीच्या टोकाला द्यायची आणि बाजूला व्हायचं, अशी आमची रीत. पण भाऊ सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, मला ओलांडून थेट तिच्यापुढे जाऊन वाकले.

"घे, बहीण," म्हणाले.

तिने तुकडा उचलला. मला द्यायचं दोघंही विसरले. मी रडत बसले होते, शेवटी हात पुढे करून माझा तुकडा मीच मागून घेतला.