लांब शिट्टी

मुकादमांच्या थोरल्या लेकीला जुळे झाले, त्याच वर्षी मुकादमांचा आवाज गेला. घरात दोन नवे गळे आले आणि एक जुना बंद पडला, असे त्यांची बायको म्हणायची. मित्रांनो, मी त्या मुकादमांची जुनी शिट्टी आहे. पितळेची, पोटात बुचाची गोळी असलेली, एका कडेला चेपलेली.

पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवले आणि मी मालधक्क्यावर आले. तिथे मोठी क्रेन होती. क्रेनवाला उंच काचेच्या खोलीत बसायचा, म्हणून सगळे त्याला गरुड म्हणत. खाली मुकादम उभे राहत आणि माझ्यातून त्याच्याशी बोलत. एक छोटी शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे उचल, तीन म्हणजे खाली घे. लांब शिट्टी वाजली की हातातले टाकून सगळ्यांनी पळायचे. साहेब असला तरी.

लांब शिट्टी उगाच वाजवायची नाही, हा तिथला नियम होता. लेकींनी लहानपणी कितीही हट्ट केला तरी मुकादमांनी मला खेळायला दिले नाही. "आज खोटी वाजवलीत, तर उद्या खऱ्याला कोण धावेल?" असे म्हणून ते मला खिशात टाकत. एकदा साखळी सटकली तेव्हा मी लांब वाजले. लोखंडाचे गठ्ठे धाडकन खाली आले, पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्या संध्याकाळी हमालांनी मला हातोहात फिरवले. इतके कौतुक मी पुन्हा कधी पाहिले नाही.

मग मुकादमांचे आतडे फुटले. घाईघाईने ऑपरेशन झाले. मी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात पडून राहिले. माझ्यावर हिरवट डाग चढू लागले. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. श्वासाच्या यंत्रावर फार दिवस गेले, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली, एवढे मला खिशातून ऐकू आले.

पुढचेही मी घरच्यांच्या बोलण्यातूनच ऐकले. मुकादम शुद्धीवर आले, त्यांनी ओठ हलवले, पण आवाज निघेना. सिस्टरने हातात पाटी-पेन्सिल दिली. त्यांनी तोंड फिरवले.

"काका रागावलेत वाटतं," सिस्टर म्हणाली.

"राग नाही गं बाई. त्यांना लिहिता येत नाही," त्यांची बायको हळूच म्हणाली. "सही तेवढी करतात."

त्या दिवशी ती घरी आली आणि सरळ त्या सदऱ्याकडे गेली. ज्याला लिहिता येत नाही त्याला शिट्टी तर वाजवता येईल, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी तिने मला त्यांच्या ओठांत ठेवले. मुकादमांनी गाल फुगवायचा प्रयत्न केला. माझ्या पोटातली गोळी जागची हलली नाही. गळ्यातल्या नळीतून मात्र फुस्स आवाज आला.

"मावशी, त्यांचा श्वास गळ्यातूनच बाहेर जातो. तोंडापर्यंत येतच नाही," सिस्टर म्हणाली.

आवाज झोपला आहे, उठेल, असे मुकादम तोवर समजत होते. त्यांनी मला चादरीवर टाकले आणि भिंतीकडे कूस वळवली. मग ते कुणाकडे बघेनात. उठून बसा, खोकून कफ काढा, नाहीतर छाती भरेल, असे डॉक्टर रोज बजावत. मुकादम डोळे मिटून घेत. मी हरवू नये म्हणून त्यांच्या बायकोने दोरी ओवून मला स्वतःच्या गळ्यात घातले.

अतिदक्षता विभागातून त्यांना साध्या खोलीत आणले, तेव्हा गरुड भेटायला आला. पलंगाचा दांडा फिरवला की उशाकडची बाजू वर होते, हे त्याने पाहिले आणि दांडा धरून उभा राहिला.

"काय मुकादम, माल उचलू का? वजन बरंच उतरलेलं दिसतंय."

मुकादम पडूनच राहिले.

"वहिनी, हे इशारा देत नाहीत तोवर मी हलणार नाही. धक्क्यावरचा नियम आहे."

मग चादरीतून एक बोट वर आले आणि हवेत सावकाश फिरले. धक्क्यावरच्या खुणांत त्याचा अर्थ, हळू उचल. गरुडाने दांडा फिरवला. मग मुकादमांचा पंजा उघडला, म्हणजे थांब; गरुड थांबला. मुकादम बसले होते.

पण मित्रांनो, खरी परीक्षा पुढेच होती. एका दुपारी नळीत कफ अडकला. मुकादमांची छाती भात्यासारखी उडू लागली, ओठ काळेनिळे पडले. बायकोने भिंतीवरचे बटण दाबले. कुणी आले नाही. पळत जाऊन बोलवावे, तर मुकादमांनी तिचे मनगट घट्ट धरलेले. मग त्यांनी दुसरा हात उचलला आणि तिच्या गळ्यातल्या माझ्यावर बोट टेकवले.

समोर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिने मला आयुष्यात कधी वाजवले नव्हते. पहिल्या फुंकेत नुसता वारा आला. दुसऱ्या फुंकेला मी वाजले. लांब. तिचा दम संपेपर्यंत.

तीन खोल्यांतून माणसे धावली. सिस्टरने यंत्राने कफ ओढून काढला. मुकादमांच्या ओठांवर रंग परत आला.

"हॉस्पिटलात शिट्टी कोण वाजवतं?" मागून आलेली मोठी सिस्टर म्हणाली.

"मी वाजवली. लांब वाजली की धावायचं असतं."

"धावलोच ना, मावशी," असे म्हणून तिने त्या बंद बटणाची वायर तपासायला माणूस बोलावला.

पुढे नळीच्या तोंडावर एक छोटी झडप बसवली. तिच्यामुळे श्वास वर तोंडाकडे येतो. मुकादमांनी आधी मलाच मागितले. माझी गोळी थरथरली, मी कशीबशी वाजले. मग त्यांनी मला बाजूला ठेवले, बायकोकडे पाहिले आणि खरखरीत आवाजात पहिले वाक्य बोलले, "बरी वाजवलीस."

नळी निघाली. आवाज शेवटपर्यंत बसलेलाच राहिला. जुळी शाळेत जाऊ लागली, तेव्हा मुकादमही त्यांच्या पाटीवर अक्षरे गिरवायला बसले. नातवंडे हसायची. "पुन्हा आवाज गेला तर?" एवढेच ते म्हणायचे.

मित्रांनो, ज्याचा आवाज गेला त्याचे बोलणे संपलेले नसते. त्याच्या हाताकडे पाहा, बोटाकडे पाहा. आणि तुमच्या घरी एखादी शिट्टी असेल, तर ती खोटी वाजवू नका.

जुळी दुसरीत गेली त्या वर्षी, शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत, मुकादम दुपारच्या झोपेत वारले. त्यांची बायको जवळच बसली होती. मी तिच्या गळ्यात होते.