लपवलेला ताप

छत्तीसगढ वेगळं झालं आणि सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी सुरू झाली, त्याच हिवाळ्यात सुनंदाची केमो चालू होती. छातीतली गाठ दिवाळीआधीच काढली होती. तिचे यजमान रमाकांत पाटबंधारे खात्यात सब-इंजिनियर. त्यांचं नाव छत्तीसगढच्या वाट्याला गेलं होतं. बायकोचे उपचार ग्वाल्हेरला चालू आहेत, हे समक्ष सांगायला त्यांना भोपाळला बोलावलं होतं. ही तारीख चुकली तर बिलासपूरची बदली पक्की, असं ऑफिसात सगळेच म्हणत.

तिसऱ्या केमोनं सुनंदाला पार पिळून काढलं होतं. केस पहिल्याच खेपेला गेले, त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. ग्वाल्हेरच्या त्यांच्या मोहल्ल्यात, दाना ओलीत, कडाक्याच्या थंडीत सगळेच डोकं गुंडाळून बसतात. पण तोंड आतून सोलवटलं होतं. दूधभातही झोंबायचा, पाण्याला लोखंडाची चव यायची. फोडणीचा वास आला की पोटात ढवळून निघे. रमाकांतांच्या थोरल्या विधवा बहीण, शांताताई, याच घरात राहत. त्यांनी आपणहून बिनफोडणीचं वरण करायला सुरुवात केली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात दोघींचं गोडीनं बोलणं असं फार कमीच झालेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली होती. या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप आला तर काढा नको, गोळी घेऊन वाट बघणं नको, थेट हॉस्पिटल.

रमाकांत निघायच्या आदल्या संध्याकाळी सुनंदाला ताप भरला. तिनं बाथरूमची कडी लावून थर्मामीटर बघितलं. आत्ता सांगितलं तर हे जाणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग हे बिलासपूरला, आणि आपण इथे अर्धवट उपचारांत. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. तिनं क्रोसिन गिळली, घाम फुटून ताप उतरला, आणि तिला वाटलं, निभावलं.

सकाळी पुन्हा एक गोळी घेऊन तिनं यजमानांना चहा दिला. गाडी नऊची होती. ते निघून जाईपर्यंत गोळी पुरली असती. पण बाहेर कोहरा असा दाटला होता की समोरचं घर दिसेना. शेजाऱ्यांकडून स्टेशनला फोन लावला तर गाडी तीन तास लेट. रमाकांत बूट काढून परत सिगडीपाशी बसले.

साडेअकराच्या सुमारास सुनंदाच्या पाठीतून पहिली शिरशिरी गेली. तिनं रजाई ओढून घेतली. दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळला, तर तोंडातली जखम दुखून डोळ्यांत पाणी आलं.

रमाकांत बघत होते. "ताप नाही ना?"

"थंडी आहे हो. तुम्ही निघा, नाहीतर गाडी चुकेल."

त्यांनी कपाळाला लावायला हात पुढे केला. हात सिगडीवर शेकलेला होता. त्या हाताला तिचं कपाळ गरम लागलं नाही. ते गेले. जिन्यावरचा बुटांचा आवाज थांबेपर्यंत ती ताठ बसून राहिली, आणि मग तिचं अंग असं थडथडायला लागलं की पलंग हलला.

शांताताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. थंडी बाधली म्हणून आल्याचा काढा ठेवते म्हणाल्या. सुनंदानं त्यांचा हात धरला.

"वन्सं, काढा नको. कालपासून ताप आहे. मी लपवला."

सुनंदाला वाटलं, शांताताई आता रागावून बोलतील, आणि बोलल्या तर बरंच. पण त्यांनी गॅस बंद केला, स्वतःची शाल तिच्या शालीवर गुंडाळली आणि तिला जवळजवळ उचलूनच जिना उतरवला. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो होता, त्यात सवाऱ्या बसलेल्या. "भैया, सबको उतारो, सीधे अस्पताल," असं त्या म्हणाल्या, आणि लोक खरंच उतरले. कोहऱ्यात टेम्पो रांगत होता. सुनंदाला मध्येच कळेनासं झालं की आपण कुठे आहोत. कानाशी शांताताईंचा आवाज तेवढा येत होता. झोपायचं नाही, त्या सारखं सांगत होत्या, माझ्याशी बोलत राहा.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत रक्तदाब पार उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांना सलाइन लावायला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच सुनंदाला भय वाटलं. पुढचे दोन दिवस काय होईल सांगता येत नाही, असं त्यांनी शांताताईंना बाजूला घेऊन सांगितलं. कुणाला आत सोडत नव्हते. शांताताई तोंडाला पट्टी बांधून दाराच्या काचेबाहेर स्टुलावर बसून राहिल्या. सुनंदा डोळे उघडी तेव्हा त्या तिथेच असत.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रमाकांत भोपाळहून परतले होते. बदली रद्द झाली नव्हती. उपचार संपेपर्यंत मुदत मिळाली होती, एवढंच. आत यायची परवानगी मिळाली तेव्हा ते पलंगाशी येऊन उभे राहिले.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"पुन्हा विचारलं, तर खरं सांगशील?"

सुनंदानं होकाराची मान हलवली. त्यांचा राग गेलेला नव्हता, तिला दिसत होतं. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्याजवळ बसले.

पुढच्या खेपांना औषधाचा डोस कमी केला. उन्हाळ्यात उपचार संपले, तोवर डोक्यावर बोटभर केस आले होते. शांताताई ग्वाल्हेरलाच राहतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण बिलासपूरचं सामान बांधताना त्यांनी न विचारता स्वतःची ट्रंकही खाली आणून ठेवली. रमाकांत काही म्हणणार होते. सुनंदानंच आधी ती दोरीनं आवळून बांधायला घेतली.