मुक्याची डोण

मित्रांनो, मी एक जुनं लष्करी खेचर आहे, आणि मला आवाज नाही. मग ही गोष्ट मी कशी सांगतो आहे, असं विचारू नका. ज्याला ऐकायची आहे त्याने कान द्यावा. ज्याला शंका काढायच्या आहेत त्याने खुशाल दुसऱ्या रानात चरावं.

माझी आई घोडी होती आणि बाप गाढव. आईकडून मला चाल मिळाली, बापाकडून कान मिळाले. थापा मारायची खोड कोणाकडची, यावर मात्र त्या दोघांचं कधी एकमत झालं नाही.

फौजेने माझ्या खुरावर नंबर डागला. नाव कोणी ठेवलं नाही. मोठ्या लढाईत मला ब्रह्मदेशच्या जंगलात नेलं. तिथे मी पाठीवर तोफ घेऊन इतका उंच डोंगर चढलो की ढग पायाखाली राहिले, आणि आमच्या हवालदाराने खाली वाकून विजेवर विडी पेटवली. एकदा तोफ पाठीवर असतानाच उडाली. तिच्या दणक्याने मी नदीच्या पैलतीरी जाऊन पडलो, तेही पाय न भिजवता. खोटं वाटतं? माझ्या आईला विचारा. बापाला नको, तो गाढव होता.

एक गोष्ट मात्र थाप नाही. जंगलात शत्रू जवळ असायचा. खेचर ओरडलं की पलटणीचा ठावठिकाणा कळायचा. म्हणून तिकडे जाण्याआधीच आम्हाला ओळीने आडवं पाडलं आणि जनावरांच्या डॉक्टरने आमच्या गळ्यातला आवाज कापून काढला. जखम भरली, आवाज परत आला नाही. आता मी तोंड उघडतो तेव्हा लोहाराच्या भात्यासारखी नुसती हवा बाहेर पडते. या बाबतीत मला फुशारकी मारता येत नाही. मारून बघितली, जमली नाही.

लढाई संपली. पुढे कितीतरी वर्षं मी देहूरोडला फौजेच्या गोदामांतली खोकी वाहिली. मग एक दिवस कोणीतरी माझे दात बघितले आणि मला निकामी ठरवलं. हिंदुराव नावाच्या दलालाने मला घेतलं आणि चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैलांच्या शेजारी उभं केलं. बैलांनी तोंडं फिरवली.

तिथे मला ज्योतीराम भेटला.

हा चिंचवडचा मुलगा. रोज सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजात जायचा. गावातला पहिलाच कॉलेजकुमार, त्यामुळे चालताना त्याच्या चपलासुद्धा इंग्रजीत वाजायच्या. मनाने वाईट नव्हता. पण दुकानात एखादी वस्तू चमकली की याचा हात आधी पुढे जायचा आणि डोकं मागून, धापा टाकत यायचं. घरी त्याच्या बाजेखाली तोंडाने वाजवायचं एक फुटकं बाजं होतं, काटे नसलेलं घड्याळ होतं, आणि पाय नसलेल्या माणसाचे म्हणून स्वस्तात मिळालेले बूट होते.

त्याची आई दुर्गाबाई स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या चाळीत दुधाचे रतीब घालायची. तिची म्हैस आटली होती. ती विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून तिने पोराला चाकणला धाडलं होतं. दुभती म्हैस आण, एवढंच सांगितलं होतं. बरोबर नवं दावं दिलं होतं. ते दावं हा पठ्ठ्या मोशीच्या हॉटेलात भज्यांच्या नादात विसरून आला. बाजारात शिरल्या शिरल्या त्याने स्वतःसाठी एक लाल चौकड्यांचा मफलर घेतला. महिना चैत्राचा होता.

बरोबर त्याच्या मागोमाग कॉलेजात गेलेले दोन दोस्त होते. एक सोपान, माळ्याचा मुलगा. दुसरा इम्तियाज, सायकल दुरुस्तीवाल्या बरकतभाईंचा मुलगा. तिघे माझ्यापुढे थांबले.

"राव, ह्याचे कान बघ," इम्तियाज म्हणाला. "आपल्या प्राध्यापकांच्या कानांसारखे. सगळं ऐकून घेतील, उत्तर देणार नाहीत."

"फौजेतलं जनावर हाय साहेब," हिंदुरावाने संधी साधली. "ह्याच्यावर बसलेल्या माणसाला खडकीत शिपाई सलाम ठोकत्यात."

सोपानने ज्योतीरामला कोपराने ढोसलं. "घाल की हात रुमालाखाली. का कालिजात तेवढं शिकवत न्हाईत?"

मित्रांनो, तिथला रिवाज तुम्हाला सांगायला हवा. चाकणच्या बाजारात जनावराची किंमत तोंडाने बोलत नाहीत. दोघे एका उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. वरून बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसतं. पण एकदा बोटं दाबून हात बाहेर काढला की शब्द दिला. मग तो मोडता येत नाही, मोडला तर पुन्हा त्या बाजारात कोणी उभं करत नाही.

ज्योतीरामला बोटांची भाषा येत नव्हती. त्याला वाटलं, गंमत करून बघू. उपरण्याखाली हिंदुरावाने त्याची बोटं धरली. याने दोस्तांकडे बघून डोळा मारला आणि हिंदुरावाची बोटं जोरात, सगळीच्या सगळी दाबली.

हिंदुरावाने हात बाहेर काढला आणि कपाळाला लावला. "माल तुमचा झाला, साहेब."

"अहो, पण मला म्हैस घ्यायचीय."

"घ्या की. पुढच्या शनवारी."

आजूबाजूचे म्हातारे जमले. सगळ्यांनी मान हलवली. बोटं दिली म्हणजे दिली, आणि म्हशीचे सगळे पैसे हिंदुरावाच्या खिशात गेले.

आणखी एक रिवाज होता. विकणारा जनावर देतो, दावं देत नाही. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असं म्हणतात. हिंदुरावाने माझं दावं सोडून घेतलं. ज्योतीरामजवळ दावं कुठलं? त्याने गळ्यातला कोरा मफलर काढला आणि माझ्या गळ्यात बांधला. लष्कराने मला पट्टे दिले होते, साखळ्या दिल्या होत्या. माणसाच्या अंगाची ऊब असलेली वस्तू माझ्या गळ्यात प्रथमच पडली. खेचरांना मूर्ख म्हणतात ते काही उगीच नाही. मी त्या मफलरला भुललो.

चिंचवडला पोहोचलो तेव्हा दुर्गाबाई शेणाचा हात पुसत दारात आली.

"म्हस कुठं हाय?"

"आई, हे फौजेतलं हाय. लई हुशार हाय."

"दूध देतंय?"

ज्योतीराम माझ्या गळ्यातल्या मफलरची गाठ सारखी करू लागला.

"वरडतंय तरी का? चोरबीर आला तर?"

"न्हाई. ते मुकं हाय."

दुर्गाबाई माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी पोरा, घरात दूधबी न्हाई आन् आवाजबी न्हाई. बरं केलंस." मग ती आत गेली. मला वाटलं, काठी आणते आहे. तिने बादली आणली. म्हशीची पाणी प्यायची दगडी डोण कोरडी पडली होती, तिच्यात पाणी ओतलं आणि माझ्या मानेवर हात ठेवला. "पी, मुक्या. तुझा काय दोस?"

मला नाव मिळालं ते असं.

त्यानंतरचे दिवस कॉलेजकुमारांचे. तिघांची गाडी चुकली की तिघेही माझ्या पाठीवर. एकदा मी विजेच्या गाडीशी शर्यत लावली आणि दापोडीच्या पुलावर तिला मागे टाकलं. गार्डाने खाली उतरून माझी माफी मागितली. दुसऱ्या खेपेला खडकीत पलटणीचा बिगुल वाजला. माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. मी तीन विद्यार्थ्यांसकट कवायतीच्या मैदानात शिरलो आणि रांगेत ताठ उभा राहिलो. सुभेदाराने खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ये तीन बोझा किसका है?"

"साहेब, आम्ही कॉलेजचे!" ज्योतीराम ओरडला.

"खच्चर ठीक खड़ा है। तुम तीनों उतरो।"

आठवडाभर कॉलेजात माझंच नाव गाजत होतं. मुली मला गूळ द्यायच्या. ज्योतीराम सगळ्यांना सांगायचा, "माझं खेचर." तो 'माझं' म्हणायचा तेव्हा माझे कान आपोआप उभे राहायचे.

पण मित्रांनो, कौतुकावर चूल पेटत नाही. चूल पेटवली दुर्गाबाईने. ती मला पहाटे पवनेच्या पात्रात न्यायची, गोण्यांत वाळू भरायची आणि नवी घरं बांधणाऱ्यांना पोचवायची. तोफेपेक्षा वाळू हलकी. तिच्या बोलण्याचं ओझं तर काहीच नव्हतं, आणि ती सारखी बोलायची. भाव वाढले, गुडघे दुखतात, पोरगं शिकून सायब होईल. मी उत्तर देत नाही म्हणून तिला बरं वाटायचं. "घरात एक तरी ऐकणारा हाय," म्हणायची. संध्याकाळी स्वतः पाणी प्यायच्या आधी ती माझी डोण भरायची. ज्योतीरामची फी माझ्या पाठीवरून गेली, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि आठवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोन पावसाळे असे गेले. मग कॉलेजात कोणाच्या तरी हातात कॅमेरा आला. काळा ठोकळा, कातडी पेटी, एक डोळा. ज्योतीरामने तो एकदा हातात घेतला आणि त्याची झोप गेली. मला ती नजर ओळखीची होती. चाकणला माझ्यापुढे थांबला तेव्हाही त्याचे डोळे तसेच चमकले होते.

दुर्गाबाई बहिणीकडच्या लग्नाला खेडला गेली. तिची पाठ वळली आणि ज्योतीरामने माझ्या गळ्यात मफलर बांधला. मी खूश. मला वाटलं, तिघांची सहल निघाली. मोशी आली, तरी मला कळलं नाही. चाकणचा बाजार दिसला, तरी मला वाटलं, या वेळी म्हैस घ्यायची असेल.

एका मुकादमाने माझे दात बघितले. उपरणं पसरलं. कापड हललं, थांबलं, पुन्हा हललं. या खेपेला ज्योतीराम दोस्तांकडे बघत नव्हता, डोळाही मारत नव्हता. बोटांची भाषा तो एव्हाना पक्की शिकला होता.

इम्तियाज म्हणाला, "ज्योत्या, चाचींना काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी."

त्याने माझ्या गळ्यातला मफलर सोडला. मुकादम म्हणाला, "राहू द्या की, तेवढंच बांधून नेतो."

"न्हाई. दावं द्यायचं नसतं. रिवाज हाय." आणि त्याने तो स्वतःच्या गळ्याला गुंडाळला.

मी त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. तो बाजाराबाहेर गेला, वळणावर दिसेनासा झाला, तरी मी तसाच. वळून बघेल असं वाटलं. तोंड उघडलं, हवा आली.

मुकादमाने मला पिंपरीला आणलं. तिथे तेव्हा माळरानावर मोठमोठे कारखाने उभे राहत होते. मी विटा वाहू लागलो. चिंचवड तिथून हाकेच्या अंतरावर. पण ज्याला हाकच मारता येत नाही त्याला ते अंतर किती, हे तुम्हीच मोजा. रात्री माझ्या पुढच्या पायांत साखळी असे. पाठीला जखमा झाल्या, त्यांवर माश्या बसल्या, केस झडले. खुरावरचा नंबरही झिजला.

आणि एक दिवस ते तिघे आले.

अंगावर नवे कोट, ज्योतीरामच्या गळ्यात मफलर आणि छातीवर कॅमेरा. कारखान्याचं फाटक नुकतंच उभं राहिलं होतं, त्याच्यापुढे त्यांना फोटो काढायचा होता. मी विटांच्या ढिगाजवळ उभा होतो. वाऱ्याने मफलरचा वास आणला. त्यात अजून माझाही वास होता.

ज्योतीराम दोस्तांना उभं करत होता. सोपान म्हणाला, "काय रे, तुझ्या आईनं ती डोण अजून काढली न्हाई व्हय? परवा बघितली, पाण्यानं काठोकाठ."

"काय करू? साप चावून मेलं म्हणून सांगितलं तरी रोज सांजच्याला भरती. म्हणती, मुकं जनावर, तहान लागली तर सांगणार कसं?" ज्योतीराम हसला. मग कॅमेऱ्यात डोळा घातला आणि कपाळाला आठी घातली. "ओ मुकादम, ते खेचर जरा बाजूला घ्या. फोटोत येतंय."

मुकादमाने माझ्या जखमेवर काठी टेकवली. तिथेच इम्तियाजने माझ्याकडे बघितलं. कान बघितले. प्राध्यापकांसारखे कान, दुसऱ्या कोणाचे असणार? त्याने मला ओळखलं. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने मान खाली घातली आणि फोटोसाठी कोटाचं बटण लावलं.

माझा आवाज फौजेने कापला होता. इम्तियाजचा कोणी कापला होता, देव जाणे.

मी बाजूला झालो. फोटो छान आला असेल.

मित्रांनो, एखादी गोष्ट बाजारात चमकली की तुमचाही हात पुढे जाईल. जाऊ द्या, वय असतं. पण जी वस्तू श्वास घेते, तिच्या गळ्यात तुमच्या अंगाची ऊब बांधण्याआधी थोडं थांबा. उद्या ती ऊब तुम्ही सोडून घ्याल. तिची सवय मात्र तुम्हाला सोडून घेता येत नाही.

आता माझे पाय गेले आहेत. माझ्या गोष्टीतला ढगांचा डोंगर खोटा धरा. आगगाडीची शर्यत खोटी धरा, गार्डाची माफीही. डोणीचं तेवढं खरं आहे.

कधी चिंचवडला गेलात आणि एखादी म्हातारी रिकाम्या खुंट्यापाशी पाणी ओतताना दिसली, तर तिला सांगा, की ते मेलेलं नाही.

नको. सांगू नका. सांगितलं तर ती वाट बघेल. त्यापेक्षा तिथून जाताना आपल्या एखाद्या तहानलेल्या जनावराला त्या डोणीवर न्या, आणि ते पीत असेपर्यंत जवळ उभे राहा.