कमिशनरचं मत

वेंडेल ओस्टगार्डला सगळे कमिशनर म्हणत. नाव ऐकून छाती दडपावी, पण कसला डोंबलाचा कमिशनर! कॅन्ससमधल्या सहा कॉलेजांची मिळून एक क्रीडा परिषद, आणि त्या सहा कॉलेजांच्या अध्यक्षांनी पगारावर ठेवलेला हा माणूस. हुकूम त्यांचे, सह्या त्यांच्या. याच्या हाती सामन्यांचं वेळापत्रक, पंचांची भांडणं, आणि काही बिघडलं की पत्रकारांपुढे उभं राहून शिव्या खाणं.

पूर्वी कॉलेजं नऊ होती. त्यांतल्या तीन कॉलेजांना शेजारच्या बड्या परिषदेनं डोळा घातला, ती गेली. उरली सहा. खरी गोम इथेच होती. सहापेक्षा एक जरी कमी झालं, तरी इथल्या विजेत्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत मिळणारा थेट प्रवेश बंद. तो बंद झाला की परिषदेत उरलं काय? गावोगावच्या पोरी वर्षानुवर्षं घाम गाळतात तो त्या एका प्रवेशासाठी. म्हणून वेंडेल हिवाळाभर बर्फातून गाडी हाणत कॉलेजोकॉलेजी फिरला, एकेका अध्यक्षाच्या अक्षरशः पाया पडला. सहाच्या सहा टिकवायची, बाकी त्याला काही नको होतं.

त्यातल्या त्यात हॅलोवे कॉलेजची त्याला काळजी नव्हती. तिथली अध्यक्ष कॉरिन ट्वेट म्हणजे जणू त्याचीच पोर. तो बास्केटबॉल शिकवायचा तेव्हा त्याच्या संघातून खेळलेली. मुलींच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी दोघं नाश्त्याला बसले होते.

"खरं सांग, कॉरिन. काही कानावर येतंय माझ्या."

"कोच, मी कुठे जातेय? तुम्ही ना, उगाच जीव टांगणीला लावून घेता." असं म्हणून तिनं त्याच्याच ताटातला बेकन उचलून तोंडात टाकला. वेंडेलला इतकं हलकं वाटलं की त्यानं आणखी एक कॉफी मागवली.

सामना हॅलोवे आणि मिलर्ड यांच्यात होता. ऐन रंगात आलेला, आणि लोक मैदानाकडे बघायचं सोडून फोनमध्ये बघायला लागले. वेंडेलनंही फोन काढला. हॅलोवे जुलैपासून बड्या परिषदेत. तिथल्याच कुणीतरी बातमी फोडली होती.

वर हॅलोवेच जिंकलं! आणि चषक द्यायचा कुणी? कमिशनरनं. रिवाजच तो. वेंडेल चषक घेऊन मधोमध आला, तशी मिलर्डच्या बाजूनं हुर्यो उठली. हॅलोवेला नव्हे, त्याला. "अरे, चालता हो, वेंडेल! बुडवलंस सगळं!" कुणीतरी पॉपकॉर्नचा पुडा भिरकावला. फोटोसाठी शेजारी उभी राहून कॉरिन हसत हसतच पुटपुटली, "कोच, सांगणार होते हो. पण विश्वस्तांनी तोंडाला कुलूप घातलं होतं."

"सकाळी तुझं तोंड चांगलं चालत होतं," वेंडेल म्हणाला. 

लगेच बैठक. बाकी सगळ्या दारांशी पत्रकार, म्हणून बसले पंचांच्या कपडे बदलायच्या खोलीत. सहाही अध्यक्ष. हो, कॉरिनसुद्धा! जाणाऱ्या कॉलेजालाही जूनअखेरपर्यंत मत असतं. घर सोडून निघालेल्या सुनेनं जाता जाता चूल कुठे मांडायची ते ठरवावं, तशातली गत.

मिलर्डच्या अध्यक्षानं, रॉइस ब्रॅचरनं, तोफ डागली. "टीव्हीवाल्यांचा करार हातचा गेला, पैसा आटला, म्हणून ही पाळी आली. वेंडेल, त्यांच्याकडे दुप्पट पैसे मागायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तूच," सिस्टर फिलोमीन म्हणाल्या. त्या सेंट ब्रिजिड कॉलेजच्या अध्यक्ष. वय झालेलं, जीभ शाबूत. "तू, कॉरिन, मी, सगळ्यांनी हात वर केले होते. हा बापडा नको नको म्हणत होता."

"असेल. ते काय बाहेर सांगता येणार आहे? लोकांना एक माणूस लागतो, सिस्टर. जूनअखेर वेंडेलला मोकळं करू. मग आम्ही पाच घट्ट राहतो, सहावं कॉलेज शोधतो. हा राहिला तर मात्र मिलर्ड चाललं."

बैठक चालवायची वेंडेलनं, म्हणजे आपल्याच हकालपट्टीचा ठरावही त्यानंच मांडायचा. मांडला. बाजूनं रॉइसचा हात, त्याच्या शेजारच्याचा, आणि खाली बघत कॉरिनचा. विरोधात सिस्टर आणि दोघं. तीनास तीन. बरोबरी झाली की कमिशनरचं मत. इतक्या वर्षांत ते कधी लागलंच नव्हतं.

"अरे, नाही म्हण, वेंडेल," सिस्टर कळवळून म्हणाल्या. "नुसतं तोंडानं नाही म्हण. याला मी बघते."

वेंडेलला इतका संताप आला होता की टेबल उलथून द्यावं, आणि रडूही येत होतं. पण नाही म्हटलं की मिलर्ड गेलं. उरली चार, मग सहाव्याचं नावच नको. हो म्हटलं तर निदान पाच. त्यानं हात वर केला. "ठराव मंजूर," असंही त्यालाच म्हणावं लागलं. सिस्टरनी तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं तो बाहेर आला, तर बर्फाच्या यंत्रापाशी पाठमोरा रॉइस फोनवर होता. "हो हो, मार्गी लागलं. खापर त्याच्या डोक्यावर, आमचे माजी विद्यार्थी आता शांत होतील... नाही, एप्रिलपर्यंत कशाला थांबायचं? सोमवारी जाहीर करा. मिलर्ड येतंय तुमच्याकडे."

वेंडेल जागीच थिजला. रॉइस वळला, त्याला बघून क्षणभर चपापला, आणि लगेच त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"बरा भेटलास. पत्रकार ताटकळलेत रे. परिषद भक्कम आहे, एवढं सांगून टाक त्यांना."

"मी सांगू?" वेंडेलनं विचारलं. "मला काढलंत ना तुम्ही?"

"जूनपर्यंत आहेस की," रॉइस म्हणाला, आणि त्यानं दार उघडून धरलं.