सरळ जा

सकाळचे सहा वाजले होते आणि मी माझ्याच नावेला निरोप देत व्हेनिसच्या कालव्यांतून फिरत होतो. सात वाजता बेर्गामोचा कुणी साहेब येऊन तिला घेऊन जाणार होता. हट्ट माझ्या लेकीचा, लोरेदानाचा. "बाबा, सत्त्याहत्तर वर्षांचे झालात. मागच्या महिन्यात पाण्यात पडलात. आता चार माणसांसारखं पायी फिरा!" फार गयावया केली तेव्हा एवढ्यालाच कबूल झाली: सातपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर ती कामावर निघून जाईल आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

पुलापाशी आलो तर वरून हाक आली, "अहो आजोबा!"

गळ्यात कॅमेरा, पायांत कोरे करकरीत बूट. पहाटे पाचपासून गाव बघत हिंडत होता म्हणे, आणि चौथ्यांदा याच पुलावर येऊन थडकला होता. वाकून त्यानं चिठ्ठी दाखवली. "हे घर कुठे आलं?"

बघतो तर माझंच घर!

"काय काम काढलंत?" मी साळसूदपणे विचारलं.

"नाव विकत घ्यायचीय. मालक म्हातारा जरा तिरसट आहे, असं त्याची मुलगी म्हणत होती."

तिरसट काय? थांब लेका!

आम्हा व्हेनिसवाल्यांना कुणीही वाट विचारली, की आम्ही एकच सांगतो. गावात सरळ गल्ली औषधालाही सापडायची नाही, पण सांगायचं तेच. विहिरीशेजारी एक अंधारा बोळ होता. त्याच्या टोकाला भिंत आहे, अशी माझी पक्की खात्री. वल्ह्यानं तिकडे दाखवलं आणि म्हटलं, "सरळ जा."

"फार उपकार झाले हो!" तो म्हणाला. मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. पण नावेकडे पाहिलं आणि वल्हं मारलं.

मग शीळ घालत मासळीबाजारापर्यंत गेलो, लोरेदानाला आवडतात म्हणून सार्डिन घेतले आणि सव्वासातला पाण्याकडच्या दारानं घरात शिरलो. स्वयंपाकघरात साहेब कॉफीत बिस्किट बुडवून खात बसला होता!

"हेच ते आजोबा!" तो उठून उभा राहिला. "यांनी सांगितलेल्या बोळानं पाच मिनिटांत तुमच्या मागच्या दाराशी आलो."

"आपल्याला मागचं दार आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

लोरेदाना बघतच राहिली. "बाबा! पन्नास वर्षं राहताय या घरात!"

"मी पाण्याकडूनच येतो ना. मागचं सगळं तुझी आई बघायची."

ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी काही थांबेना. माझ्या हातातली माशांची पुडी घेऊन ती साहेबाला म्हणाली, "माफ करा हं. नाव नाही विकायची. यांना पायी सोडलं, तर रोज शोधत फिरावं लागेल मला."

साहेब मात्र फुरंगटला. बुटाची नाडी करकचून बांधत म्हणाला, "निदान स्टेशनची वाट तरी सांगाल?"

मी लोरेदानाकडे पाहिलं. तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सरळ जा!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.