आत्याचे फडके आणि मी

मित्रांनो, मी जुना फळा आहे हे माझ्याकडे पाहताच तुमच्या लक्षात येईल. माझा एक कोपरा झिजला आहे, चौकटीला पत्र्याच्या पट्ट्या मारल्या आहेत आणि कितीही पुसले तरी अंगावर खडूचा पांढुरका थर राहतोच. पण मी अडगळीत पडलेलो नाही. एका रोपवाटिकेच्या फाटकाला टेकून मी उभा असतो आणि सकाळी येणारा माणूस आधी मला वाचतो, मग आत जातो. मध्यंतरी माझी रवानगी जळणात होणार होती, म्हणून ही गोष्ट मी जरा ऐटीत सांगतो.

सुताराने मला घडवले ते एका शाळेसाठी. तिथे माझ्यावर पाढे लिहिले गेले, नकाशे काढले गेले आणि शिक्षकांची पाठ वळली की त्यांची नाकेही काढली गेली. पुढे शाळेत पांढरे, गुळगुळीत फळे आले. मला जिन्याखाली ठेवले. तिथे कोळ्यांनी माझ्या पाठीमागे संसार थाटले आणि मी मनाशी म्हटले, झाले, आपले आयुष्य संपले.

मग एक दिवस शाळेत कुंड्या पोचवायला आलेल्या एका बाई जिन्याखाली वाकून पाहू लागल्या.

"हा फळा मला द्याल का?" त्या शिपायाला म्हणाल्या. "माझ्याकडे मुलं नाहीत, झाडं आहेत. पण त्यांचीही रोज हजेरी घ्यावी लागते."

त्या बाई म्हणजे आत्या. त्यांची सख्खी भाची एकच, पण गिऱ्हाइकांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणतात. फक्त तिथले जुने माळीकाका त्यांना ताई म्हणतात.

रोपवाटिकेत माझे दोन नियम होते. पहिला, ज्याला कळेल त्याने लिहायचे. मोगऱ्याची रोपे तयार झाली हे माळीकाकांना आधी कळले तर ते लिहीत. खताची गाडी उशिरा येणार हे आत्यांना कळले तर त्या लिहीत. दुसरा नियम आत्यांचा स्वतःचा होता. संध्याकाळी फाटक लावण्याआधी ओल्या फडक्याने मला वरपासून खालपर्यंत पुसायचे. सकाळी वाफ्यांमध्ये फेरी मारायची आणि जे खरोखर आहे तेवढेच नव्याने लिहायचे.

"काल होतं ते आज असेलच असं नाही," आत्या म्हणत. "माणूस लांबून येतो. फळ्यानं त्याच्याशी खोटं बोलता कामा नये."

एक सकाळ सोडली तर माझ्यावर खोटे कधीच राहिले नाही, याचा मला अभिमान आहे. पण एक खंतही आहे. माझ्यावरून गेलेले परत येत नाही. एकदा माळीकाकांनी कोपऱ्यात एका आजींचा पत्ता लिहिला होता. त्यांचे लिंबाचे झाड सुकत चालले होते आणि काकांनी येऊन बघावे अशी त्यांची विनंती होती. संध्याकाळी आत्यांचे फडके फिरले आणि पत्ता गेला. आजी वाट पाहत राहिल्या. त्या पुन्हा आल्या तेव्हा झाड उरले नव्हते. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्याच "असू दे" म्हणाल्या. आत्यांना ते फार लागले, आणि मलाही.

अशीच वर्षे गेली. मग आत्यांची भाची चिंगी आली. नाव चिंगी असले तरी बाई चांगली मोठी होती आणि हातातली चांगली नोकरी सोडून आली होती. कचेऱ्यांमध्ये, दवाखान्यांमध्ये झाडे लावून द्यायची आणि त्यांची निगाही राखायची, असा नवा व्यवसाय तिला आत्यांबरोबर सुरू करायचा होता. घरच्यांनी तिला वेड्यात काढले होते. एकट्या आत्या तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. शहरात एक नवे हॉस्पिटल होत होते. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी आमची बैठक आहे. त्याआधी तुमची वेबसाइट बघते, मग ठरवते." हे पहिले मोठे काम मिळाले तर चिंगीचा व्यवसाय उभा राहणार होता. नाही मिळाले तर ती मुकाट जुन्या नोकरीचे दार ठोठावणार होती.

मग वेबसाइट बनवणारे दादा आले आणि मला टेकूनच उभे राहिले.

"आता हे फाटकावरचं लाकूड जळणात टाका," ते म्हणाले. "सगळं वेबसाइटवर. फक्त कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम कुठली घ्यायची ते आधी ठरवा."

"ती काय भानगड?" माळीकाकांनी विचारले.

"काका, वेबसाइटवर मजकूर लिहायची, बदलायची, पुसायची सोय," चिंगीने समजावले. "म्हणजे दर वेळी कारागिराला बोलवायला नको."

"मग फळाच म्हणा की!" काका म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला माळीकाकांना मिठी मारावीशी वाटली. पण मला हात नाहीत.

चिंगीने तीन सोयी निवडल्या आणि एकेक करून वापरून पाहिल्या. काकांनी त्यांना नावे ठेवली, कारण नाव ठेवल्याशिवाय त्यांना रोपसुद्धा लावता येत नाही. पहिली होती दादांनी स्वतः तयार केलेली. "तुम्हाला काहीच करायचं नाही. बदल हवा की मला फोन करा," दादा म्हणाले. काकांनी तिचे नाव ठेवले 'साहेब'. लगेच त्याच आठवड्यात गुलाबाच्या रोपांवर माव्याची कीड पडली. आत्यांनी माझ्यावरून गुलाब पुसला आणि दादांना फोन लावला. दादा एका लग्नाला गेले होते. ते परत येईपर्यंत वेबसाइट किडलेले गुलाब विकत बसली. आत्यांचा पारा चढला आणि साहेबांना नारळ मिळाला.

दुसरी सोय देखणी होती. चित्रे बोटाने ओढावीत आणि हवी तिथे ठेवावीत. ती झाली 'नटवी'. तिसरी दिसायला अगदी साधी होती. लिहायचे, फोटो चिकटवायचा, 'प्रसिद्ध करा' म्हणायचे की झाले. काकांनी तिला 'काकू' म्हटले. चिंगीचे मन नटवीकडे ओढ घेत होते. हॉस्पिटलच्या बाईंवर छाप पडायला हवी ना! पण आत्यांना काकू सोपी जात होती. शेवटी चिंगीने सगळी पाने दोन्हीकडे तयार केली. तिने उन्हातान्हात काढलेले झाडांचे फोटो, सावलीत कुठले झाड जगते याची माहिती, काकांनी सांगितलेली पाणी घालायची रीत, सगळे दोन्हीकडे लिहिले. बैठकीच्या सोमवारी सकाळी ताज्या नजरेने पाहू आणि एक निवडू, असे ठरले. आमच्या नियमाप्रमाणे रविवारी दुपारी तिने आत्यांना आणि काकांनाही दोन्हीकडे लिहायची-पुसायची सगळी मुभा दिली. ज्याला कळेल त्याने लिहायचे!

रविवारी संध्याकाळी आत्या नेहमीप्रमाणे फडके घेऊन आल्या. मला लखलखीत पुसले. मग फाटकाशी पालथ्या कुंडीवर बसून त्यांनी मोबाइल काढला आणि बराच वेळ मन लावून काहीतरी केले. चेहऱ्यावर काम संपल्याचे समाधान होते. मला शंका यायला हवी होती, पण आली नाही.

सोमवारी सकाळी चिंगीची किंचाळी फाटकापर्यंत ऐकू आली. मागोमाग ती धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत्या, दोन्ही वेबसाइट कोऱ्या आहेत! एक पान नाही!"

"कोऱ्या असणारच," आत्या शांतपणे म्हणाल्या. "काल संध्याकाळी मी पुसल्या. आता फेरी मारून आले की लिहू."

माळीकाकांच्या हातातली झारी एका जागी वाहत राहिली.

"अगं, पण पुसताना वेबसाइटनं विचारलं नाही का तुला?" चिंगीने विचारले.

"विचारलं ना बिचारीनं. दर पानाला विचारत होती, नक्की काढायचं का म्हणून. मी म्हटलं, हो गं बाई, नक्की."

मग चिंगीच्या डोळ्यांतले पाणी पाहून आत्यांना उमगले. त्या कुंडीवर बसल्या. चिंगी ऑफिसच्या खोलीकडे पळाली. आत्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सगळे तिला नावं ठेवत होते तेव्हा मी पाठीशी उभी राहिले. आणि आज मीच तिच्या पायावर धोंडा टाकला." मित्रांनो, मला आजींचे लिंबाचे झाड आठवले. पुसलेले परत येत नाही, एवढेच मला ठाऊक होते. मी एवढा मोठा, पण त्या वेळी आत्यांना द्यायला माझ्याकडे एक अक्षरही नव्हते.

आत चिंगीने आधी नटवी उघडली. नटवीने गोड शब्दांत कळवले की काढलेली पाने कायमची गेली आहेत. काका दारातून ओरडून आम्हाला बातमी देत होते. मग तिने काकू उघडली. आत्यांनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते.

"आत्या! आलं गं, सगळं परत आलं!"

झाले होते असे की काकूने एकही पान फेकले नव्हते. आत्यांनी काढलेले प्रत्येक पान तिने बाजूला एका टोपलीत जपून ठेवले होते, कालच्या आणि परवाच्या खाडाखोडीसकट. चिंगीने सांगितले तसे एकेक पान आपल्या जागी येऊन बसले. काका हसत सुटले. "आमच्या घरची काकू पण अशीच हो," ते म्हणाले. "मी फेकलेलं सगळं माळ्यावर!" आत्या हसता हसता रडल्या. आणि माझा जीव, मित्रांनो, खरोखर भांड्यात पडला. पुसलेले परत येऊ शकते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

कोणती सोय निवडायची हा प्रश्न उरलाच नाही. दुपारच्या आत हॉस्पिटलच्या बाईंनी वेबसाइट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. आत जाण्याआधी त्या माझ्यासमोर थांबल्या, मोबाइलवर पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "दोन्हीकडे तेच लिहिलंय. म्हणजे तुमच्याकडे खरंच असतं की सगळं!" त्या म्हणाल्या. जाताना काम देऊन गेल्या.

सगळा आनंदीआनंद झाला, पण संध्याकाळी आत्या मला पुसायला आल्याच नाहीत. "चिंगे, माझ्या हातात फडकं देऊच नकोस," त्या म्हणाल्या. "वेबसाइटवरचीही माझी मुभा काढून घे." रात्रभर त्या दिवसाची अक्षरे माझ्या अंगावर राहिली. सकाळी एक गृहस्थ लांबून जास्वंदीसाठी आले. जास्वंद आदल्याच दिवशी संपली होती. ते माझ्याकडे बोट दाखवत राहिले आणि मी उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटा ठरलो.

चिंगीने ते पाहिले. तिने फडके ओले केले, पिळले आणि आत्यांच्या हातात दिले.

"अख्खी पानं काढायचं काम आता फक्त माझ्याकडे," ती म्हणाली. "पण संपलेल्या झाडापुढे 'आज नाही' लिहायचं काम तुझं. इथंही आणि वेबसाइटवरही. आपल्यावर लोक विश्वास ठेवतात ते तुझ्या पुसण्यामुळे. तू थांबलीस तर मी काय विकू?"

आत्या माझ्याजवळ आल्या आणि हळूहळू, कोपरान् कोपरा मला पुसू लागल्या. फडके गार होते आणि फार बरे वाटले.

तेव्हापासून काकू आणि मी मिळून काम करतो. मित्रांनो, तुम्हीही पुढे केव्हातरी एखादी नवी वस्तू निवडाल. ती किती नटली आहे ते जरूर बघा. पण आपल्या हातून चूक झाली तर ती सांभाळून घेईल का, हे आधी विचारा. माणसांच्या बाबतीतही हेच विचारा. आणि कधी या फाटकावरून गेलात तर माझ्यावर टेकू नका, माझी चौकट आता नाजूक झाली आहे. नुसते वाचा. लिहिले आहे ते आजचे आहे.